पाच दिवसांची मुदत

सांगलीतल्या एका सहकारी बँकेत कर्जविभागात मी ३१ वर्षं काम केलं. गहाणखत, हमीपत्र, तारणाचे कागद वाचणं हाच रोजचा उद्योग. त्यामुळे या जानेवारीत कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटला लेकीकडे असताना तिनं एका रात्री १७ पानांचा करार टेबलावर ठेवला आणि "आई, हे जरा वाचतेस का?" म्हणाली, तेव्हा मला आतून बरं वाटलं. ती कृत्रिम बुद्धिमत्तेच्या एका कंपनीत आहे. तिचा गट बंद होत होता. त्याआधी तिनं वरिष्ठांना कशाबद्दल तरी लेखी कळवलं होतं, एवढंच मला ठाऊक होतं. कशाबद्दल ते विचारलं की म्हणायची, "नाही गं सांगता येणार."

करार समजायला कठीण नव्हता. कंपनी चार महिन्यांचा पगार देणार. त्याबदल्यात लेकीनं कंपनीविरुद्ध वाईट बोलायचं नाही, कामातलं काही बाहेर सांगायचं नाही, असा करार झालाय हेसुद्धा कुणाला कळू द्यायचं नाही. सही करायला कामाचे पाच दिवस. मी चष्मा लावला, पेन्सिल घेतली आणि पाच पानांवर बारीक खुणा केल्या. सहाव्या पानावर लिहिलं होतं की हा करार फक्त नवरा किंवा बायको, वकील आणि करसल्लागार यांना दाखवता येईल. मी ते वाक्य दोनदा वाचलं. आई त्या यादीत नव्हती. मी पेन्सिल खाली ठेवली.

झोप लागेना म्हणून मोबाइलवर वाचत बसले. "व्हिसलब्लोअर" हा शब्द मला वर्तमानपत्रातून माहीत होता. मराठीत त्याला "जागल्या" म्हणतात. तळेगावचे सतीश शेट्टी जमिनींचे व्यवहार माहितीच्या अधिकारातून उघड करत होते आणि २०१० च्या १३ जानेवारीला सकाळी फिरायला गेले असताना त्यांचा खून झाला, तेव्हा हा शब्द मनात पक्का बसला. माझ्या आजोळी जागल्या म्हणजे रात्री गस्त घालणारा माणूस. त्याला गावानं नेमलेलं असे आणि हाक देणं हेच त्याचं काम. माझ्या लेकीला हाक द्यायला कुणी नेमलं नव्हतं. उलट हाक देणार नाही असं तिच्याकडून लिहून घेत होते. हा फरक मला त्या रात्री पहिल्यांदा कळला.

वाचताना "इन्स्पेक्टर जनरल" हे शब्द जागोजागी येत होते. तक्रार इन्स्पेक्टर जनरलकडे करावी, चौकशी त्यांनी करावी, वगैरे. आपल्याकडे आयजी म्हणजे पोलिसातले मोठे साहेब. इथं नोकरीतली तक्रार पोलिसांकडे न्यावी लागते आणि माझ्या पोरीला पोलीस ठाण्याची पायरी चढावी लागणार, या काळजीत मी पहाट केली. सकाळी तिला विचारलं. ती म्हणाली, "आई, तो पोलीस नसतो." सरकारच्या खात्याखात्यात बसणारा हा स्वतंत्र तपासनीस. आमच्या बँकेतल्या अंतर्गत लेखापरीक्षकासारखा, फक्त त्याच्यामागे कायद्याचं बळ. आणि तो सरकारी खात्यात असतो, खासगी कंपनीत नाही. एका रात्रीत मी चुकीच्या माणसाला घाबरले होते, आणि तोही तिच्या कंपनीत नव्हताच.

दुसऱ्या दिवशी लेकीला न सांगता बार्टनं ओकलंडला गेले. तिथं आलमेडा काउंटीचं कायद्याचं ग्रंथालय आहे आणि ते सगळ्यांना खुलं असतं. ग्रंथपालबाईंना म्हटलं, जागल्यांना कायद्याची मदत कशी मिळते ते वाचायचंय. त्यांनी शांतपणे विचारलं, "गुपित सरकारचं आहे की कंपनीचं?" मला उत्तर देता येईना. लेकीच्या कंपनीचं थोडं काम संरक्षण खात्यासाठी चालतं, एवढं कानावर होतं. तसं सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "मग दोन्हीकडचं वाचा. दोन अगदी वेगळी जगं आहेत." इतका वेळ मला कायदा एकच आहे असं वाटत होतं.

आधी सरकारी गुपितांचं वाचलं. सुरुवातीला जीव थोडा भांड्यात पडला. १७७७ मध्ये "वॉरन" नावाच्या युद्धनौकेवरच्या दहा जणांनी आपल्याच सेनापतीविरुद्ध, एसेक हॉपकिन्सविरुद्ध, तक्रार केली होती. त्यांतल्या रिचर्ड मार्वेन आणि सॅम्युएल शॉ या दोघांवर हॉपकिन्सनं बदनामीचा दावा लावून त्यांना तुरुंगात धाडलं. देश जेमतेम दोन वर्षांचा, युद्ध चालू, तिजोरीत खडखडाट. तरी ३० जुलै १७७८ ला काँग्रेसनं, म्हणजे इथल्या संसदेनं, ठरवलं की गैरव्यवहार कळवणं हे प्रत्येकाचं कर्तव्य आहे आणि या दोघांच्या वकिलाचा खर्च सरकार देईल. तो १,४१८ डॉलर झाला आणि काँग्रेसनं तो दिला. मी वहीत आकडा लिहिला आणि खाली रेघ ओढली. नुसतं शाबासकीचं पत्र दिलं असतं तर ते दोघं तुरुंगातच राहिले असते. वकिलाची फी भरली, म्हणून त्या ठरावाला अर्थ आला.

पुढची पानं वाचताना मात्र हात गार पडले. १९१७ चा हेरगिरीविरोधी कायदा अजून चालू आहे आणि शत्रूला माहिती विकणारा व वर्तमानपत्राला सांगणारा यांत तो फारसा फरक करत नाही. डॅनियल एल्सबर्ग यांनी व्हिएतनाम युद्धाचे सुमारे ७,००० पानांचे गोपनीय कागद १९७१ मध्ये बाहेर काढले. ११५ वर्षांची शिक्षा होईल एवढे आरोप त्यांच्यावर ठेवले गेले. खटल्यात त्यांच्याच वकिलानं विचारलं, तुम्ही हे का केलंत? सरकारी पक्षानं हरकत घेतली आणि न्यायाधीशांनी ती मान्य केली. "का" हे सांगायची मुभाच नव्हती. खटला १९७३ च्या मे महिन्यात मोडला तो सरकारनं केलेल्या गैरप्रकारांमुळे, त्यांच्या मानसोपचारतज्ज्ञाच्या दवाखान्यात घरफोडी करवल्याचं उघड झालं होतं त्यामुळे. हेतू चांगला होता म्हणून ते सुटले नाहीत. मला ते पान पुढे उलटवेना. माणूस खरं बोलला, आणि का बोलला हेच न्यायालयात बिनकामाचं ठरलं.

मग थॉमस ड्रेक यांचं वाचलं. ते नॅशनल सिक्युरिटी एजन्सीत वरिष्ठ अधिकारी होते. पैशांची उधळपट्टी आणि नागरिकांवरची पाळत याबद्दल त्यांनी आधी वरिष्ठांना सांगितलं, मग संरक्षण खात्याच्या तपासनीसाला, मग काँग्रेसच्या समित्यांना. सगळी नेमून दिलेली दारं ठोठावून झाल्यावर ते एका वार्ताहराशी बोलले. २०१० मध्ये त्यांच्यावर दहा आरोप आले, ३५ वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकणारे. गव्हर्न्मेंट अकाउंटेबिलिटी प्रोजेक्ट ही १९७७ पासून जागल्यांचं काम करणारी संस्था आणि तिथल्या वकील जेसेलिन रॅडॅक त्यांच्या बाजूनं उभ्या राहिल्या. २०११ मध्ये ते दहाही आरोप गेले आणि संगणकाचा अधिकाराबाहेर वापर केल्याचा एक किरकोळ गुन्हा उरला. शिक्षा, एक वर्ष देखरेख आणि २४० तास समाजसेवा. पण नोकरी गेली ती गेलीच. ते ॲपलच्या दुकानात काम करायला लागले.

कायदे नाहीत असं नाही, पण त्यांना भोकं आहेत. केंद्र सरकारच्या नोकरांना संरक्षण देणारा १९८९ चा कायदा गुप्तचर संस्थांना लागू नाही. त्यांच्यासाठी १९९८ चा वेगळा कायदा आहे. तपासनीसानं १४ दिवसांत तक्रार खरी वाटते का ते ठरवायचं, वरिष्ठानं पुढच्या सात दिवसांत ती काँग्रेसच्या समित्यांकडे पाठवायची. २०१९ मध्ये युक्रेनबाबतची तक्रार तपासनीसानं खरी आणि तातडीची ठरवली, तरी सात दिवस उलटून गेले आणि ती समित्यांपर्यंत पोचली नाही. बँकेत मुदत चुकली की व्याज लागतं. इथं मुदत चुकली तर तक्रारदारानं काय करायचं, ते मला त्या पानांत सापडलं नाही. आणि सगळ्यात धक्का बसला तो एका वाक्यानं. गोपनीय मजकूर स्वतःच्या वकिलालासुद्धा वाटेल तसा सांगता येत नाही. वकिलाकडे सुरक्षा परवाना हवा आणि सरकारची मंजुरीही हवी. म्हणजे ज्याच्याकडून मदत घ्यायची, त्याला दुखणं सांगितलं तरी गुन्हा होऊ शकतो.

घरी आले ती घाबरूनच. लेक पळायला गेली होती, तिचा लॅपटॉप टेबलावर उघडा होता. मोबाइलवर टाइप करायची मला सवय नाही. जागल्यांना फुकट सल्ला देणाऱ्या एका संस्थेला मी त्या लॅपटॉपवरून चार ओळी लिहिल्या. माझी मुलगी अमुक क्षेत्रात आहे, तिनं वरिष्ठांना काही कळवलं होतं, आता सही मागताहेत, कृपया मदत करा. खाली माझा फोन नंबर दिला आणि पाठवून टाकलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. बाई सौम्य बोलत होत्या. नाव विचारलं नाही, काय घडलं तेही विचारलं नाही. पहिला प्रश्न, "हे तुम्ही कोणत्या यंत्रावरून लिहिलंत?" मी सांगितलं. दुसरा प्रश्न, "तो लॅपटॉप तिचा आहे की कंपनीचा?" मला माहीत नव्हतं. झाकणाच्या मागच्या बाजूला कंपनीचं लेबल होतं. मी ते रोज पुसत होते आणि कधी वाचलं नव्हतं. बाई एवढंच म्हणाल्या, "यापुढे त्यावरून काही लिहू नका. आणि तुमची मुलगी सज्ञान आहे. तिला हवं असेल तर तिनं स्वतः, स्वतःच्या फोनवरून आम्हाला फोन करायला हवा. तिच्यावतीनं तुम्ही काही करू शकत नाही."

फोन ठेवल्यावर मी आणखी एक चूक केली. घाईघाईनं लॅपटॉप उघडला आणि पाठवलेलं ते पत्र खोडून टाकलं. मग संध्याकाळपर्यंत देवासमोर बसून राहिले. लेक आल्यावर तिला सगळं सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. नंतर माझ्याशेजारी बसली आणि म्हणाली, "मला वाटलं होतं तुला यातलं काही कळू नये." मला तेव्हा सत्येंद्र दुबेंची आठवण आली. राष्ट्रीय महामार्गाच्या कामातला भ्रष्टाचार त्यांनी पंतप्रधान कार्यालयाला कळवला होता, आपलं नाव गुप्त ठेवा असंही लिहिलं होतं. ते पत्र नावासकट हातोहात फिरलं आणि २७ नोव्हेंबर २००३ ला गयेत त्यांची हत्या झाली. त्यानंतर आपल्याकडे जागल्यांचा कायदा झाला, २०१४ मध्ये, पण तो अंमलात आणलेलाच नाही. ही गोष्ट मी कितीदा तरी संतापानं इतरांना सांगितली होती. आणि काल मीच लेकीबद्दलचं पत्र, तिला न विचारता, जिथं जायला नको तिथून पाठवलं होतं.

त्या रात्री लेकीनं स्वतःच्या फोनवरून फोन केला. चौथ्या दिवशी एका वकीलबाईंशी बोलणं ठरलं. पहिली दहा मिनिटं त्यांनी मलाही ऐकू दिली. म्हणाल्या, "आत्ता मी फक्त कायदा सांगते. तुमच्या मुलीची हकीकत मला आत्ता नको." मी वही उघडली. खोडलेल्या पत्राचं आधी विचारलं. त्यांनी मला झापलं नाही. म्हणाल्या, आता काहीही खोडू नका, काहीही परत आणायचा प्रयत्न करू नका. कागदावर हातानं लिहून ठेवा, किती वाजता काय केलं. कंपनीच्या यंत्रावरचं काही पुसणं हे पत्र पाठवण्यापेक्षा वाईट दिसू शकतं. आणि कंपनीची एकही फाइल घरी आणायची नाही, पुरावा म्हणूनसुद्धा आपल्या मनानं नाही.

मी हेरगिरीच्या कायद्याचं विचारलं. त्यांनी लेकीचा व्हिसा विचारला. एच-वन-बी. "मग तिच्याकडे सुरक्षा परवाना असणार नाही, तो नागरिकांनाच मिळतो. तिच्या हातात सरकारी गोपनीय कागद येण्याचा संभव कमी." संरक्षण खात्याच्या कंत्राटदारांच्या नोकरांसाठी वेगळं कलम आहे, ते गरज पडल्यास बघू म्हणाल्या. एल्सबर्ग आणि ड्रेक यांच्या ज्या भीतीनं मी दोन दिवस जेवले नव्हते, ती बहुधा तिला लागूच नव्हती. पण त्याच व्हिसामुळे एक दुसरी भीती होती. नोकरी संपली की नवा मालक शोधायला फार तर ६० दिवस. इथल्या नागरिकानं सही नाकारली तर त्याचे फक्त पैसे जातात. माझ्या लेकीचं घर, गाडी, इथले दहा वर्षांचे मित्र, सगळं त्या ६० दिवसांत बसवायचं होतं. एवढ्या जवळून हे मी कधी मोजलं नव्हतं.

मग कंपनीच्या गुपितांचा भाग. ग्रंथालयात मी वाचलं होतं की २०१८ मध्ये "डिजिटल रिअल्टी विरुद्ध सोमर्स" या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं ठरवलं की २०१० च्या डॉड-फ्रँक कायद्याचं सूडाच्या कारवाईपासूनचं संरक्षण फक्त शेअरबाजार आयोगाला कळवणाऱ्यालाच मिळेल. नुसतं वरिष्ठांना सांगणाऱ्याला नाही. लेकीनं तर वरिष्ठांनाच लिहिलं होतं. वकीलबाई म्हणाल्या, तो एक कायदा झाला. कॅलिफोर्नियाच्या कामगार कायद्याचं कलम ११०२.५ वरिष्ठांना सांगणाऱ्यालाही संरक्षण देतं. पण कायदा मोडला जातोय असं त्या माणसाला सकारण वाटलं पाहिजे. आणि कृत्रिम बुद्धिमत्तेतली अडचण नेमकी हीच आहे. एखादी गोष्ट फार धोकादायक असू शकते आणि तरी कोणताही कायदा मोडलेला नसतो.

म्हणूनच जून २०२४ मध्ये ओपनएआय आणि गूगल डीपमाइंडच्या १३ आजी-माजी लोकांनी इशारा देण्याचा हक्क मागणारं जाहीर पत्र काढलं. त्यांतल्या काहींनी नावं दिली नाहीत. लॉरेन्स लेसिग या कायद्याच्या प्राध्यापकानं त्यांना मोबदला न घेता मदत केली. त्यांच्यातले डॅनियल कोकोताय्लो यांनी ओपनएआय सोडताना "वाईट बोलणार नाही" या कागदावर सही नाकारली होती, सुमारे १७ लाख डॉलरचे शेअर जाण्याची शक्यता असताना. बातम्या आल्यावर कंपनीनं माघार घेतली, शेअर काढून घेणार नाही असं जाहीर केलं. मी हे लेकीला मोठ्या उत्साहानं सांगायला गेले. तिला सगळं पाठ होतं. म्हणाली, "आई, आम्ही सगळ्यांनी ते वाचलंय. जेवणाच्या सुट्टीत कुणी त्यावर बोलत नाही."

कॅलिफोर्नियाचा नवा कायदा, एसबी ५३, या १ जानेवारीपासूनच लागू झालाय. सगळ्यात मोठ्या प्रणाली बनवणाऱ्या कंपन्यांतल्या माणसानं महासंकटाचा धोका कळवला तर त्याला त्रास देता येत नाही, आणि खटला जिंकला तर न्यायालय वकिलाची फी कंपनीला द्यायला लावू शकतं. मला १,४१८ डॉलर आठवले. पण महासंकट म्हणजे ५० हून अधिक माणसांचा मृत्यू किंवा गंभीर इजा, किंवा १ अब्ज डॉलरहून जास्त नुकसान. आणि हे संरक्षण गंभीर सुरक्षा-घटनांचा धोका तपासणं, हाताळणं हे ज्यांचं काम आहे त्यांनाच. वकीलबाईंनी विचारलं, "तिचं पद काय? कागदावरचं नाही, रोज खरं काम काय?" लेकीनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "ते मी तुम्हाला एकटीनं सांगेन." मी उठून स्वयंपाकघरात गेले. आमच्या बँकेत एकदा शिपायानं बनावट सोनं ओळखलं होतं, सराफाच्या आधी. त्याला कुणी विचारलं नव्हतं की हे तुझं काम आहे का. धोका बघणाऱ्याच्या पदावर कायद्यानं अडावं, हे मला पटत नाही.

रात्री वकीलबाईंनी माझ्यासाठी एक काम सांगितलं, करारात व्यापारी गुपितांबद्दलच्या २०१६ च्या कायद्याचं कलम आहे का बघा. सही झाली नव्हती, त्यामुळे वाचायला हरकत नाही म्हणाल्या. ते ११ व्या पानावर होतं. पहिल्या रात्री मी सहाव्या पानालाच थांबले होते. लिहिलं होतं की कायदा मोडल्याचा संशय कळवण्यासाठी व्यापारी गुपित सरकारी अधिकाऱ्याला किंवा वकिलाला विश्वासानं सांगितलं तर त्याबद्दल खटला भरता येणार नाही. बाराव्या पानावर मात्र उलटा सूर होता, सरकारकडून मिळू शकणारं बक्षीस आधीच सोडून द्यायचं. शेअरबाजार आयोगाला दिलेल्या माहितीवरून १० लाख डॉलरहून जास्त दंड झाला तर त्यातला १० ते ३० टक्के वाटा कळवणाऱ्याला मिळतो, आणि आयोगाकडे जायला अडवणारी कलमं नियमानं चालत नाहीत. २०२४ मध्ये ओपनएआयच्या करारांबद्दलची अशीच तक्रार आयोगाकडे गेली होती. मी बाराव्या पानावर पेन्सिलीनं खूण केली. चार दिवसांत माझ्या हातून झालेलं हे पहिलं उपयोगाचं काम.

पाचव्या दिवशी सकाळी दहाला आम्ही वकीलबाईंच्या ऑफिसात पोचलो. संध्याकाळी पाचपर्यंत मुदत होती. लेकीनं फोन बंद करून गाडीत ठेवला. मी वही, चष्मा आणि थालीपिठांचा डबा घेतला होता. बाई दारात आल्या, लेकीला आत घेतलं आणि माझ्याकडे वळल्या. त्या म्हणाल्या, "तुम्ही बाहेर बसा. वकील आणि अशील यांच्यात जे बोलणं होतं ते कुणी उघड करायला लावू शकत नाही. तिसरं माणूस खोलीत असलं की ते संरक्षण जाऊ शकतं. उद्या न्यायालयात तुम्हाला बोलावून विचारतील, आत काय ऐकलंत."

मी म्हटलं, मी तिची आई आहे.

"म्हणूनच," त्या म्हणाल्या.

मी वही लेकीच्या हातात दिली, बाराव्या पानाची खूण दाखवली आणि खुर्चीवर बसले. दार लागलं. दाराची काच दुधी होती. आतलं माणूस सावलीसारखं दिसत होतं, आवाज येत नव्हता. बराच वेळ ती सावली हलली नाही. मग तिचे हात हलायला लागले. काही मोठं सांगायचं असलं की तिचे हात असेच हलतात, बालवाडीत होती तेव्हापासून.